झरोक्यांचा रंग

वसईतील आमच्या घराच्या माळ्यावर माझ्या वडिलांची एक लाकडी पेटी आहे. बाहेरून ती आता काळवंडली आहे. कडा झिजल्या आहेत, बिजागऱ्यांना गंज चढला आहे. परंतु झाकण उघडले की आतला लाल रंग एकदम डोळ्यांत भरतो. आमच्या लहानपणी त्या पेटीत ब्रश, खरवडण्याच्या पट्ट्या, पॉलिश कागद आणि चिकटपट्टीची रिळे असत. वडील सांताक्रूझला विमानांच्या रंगकाम खात्यात नोकरीला होते. पहाटेची लोकल पकडून ते जात आणि दिवेलागणीनंतर परतत. त्यांच्या सदऱ्याला थिनरचा वास असे. रविवारी मिस्सेला जाण्यापूर्वी कितीही घासले तरी त्यांच्या नखांच्या कडेला लाल रेघ राहतच असे. एकदा जम्बो विमानाचे काम आटोपल्यावर टाकून द्यायच्या डब्याच्या तळाशी थोडा रंग उरला होता. मुकादमाची परवानगी घेऊन तो त्यांनी या झाकणाला आतून दिला. पेटी बंदच असल्यामुळे त्या रंगाला कधी ऊन लागले नाही.

गेल्या वर्षी या झाकणाची आमच्या घरात अचानक गरज पडली. ती कशी पडली, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

माझा धाकटा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. रात्री जेवणे आटोपली की तो संगणकासमोर बसतो आणि विमान उडवण्याचा खेळ खेळतो, अशी माझी समजूत होती. मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. खेळ आणि अभ्यास यांचे वैर माझ्या मनात पक्के बसलेले. एके रात्री जरा कठोर शब्दांत समज द्यावी म्हणून मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावर ना आकाश होते, ना धावपट्टी. एक पांढरे, चपटे, विचित्र आकारांचे चित्र पसरलेले होते. एखाद्या प्रचंड प्राण्याचे कातडे ताणून ठेवावे तसे ते दिसत होते.

"हे काय?" मी विचारले.

"विमानाची कातडी," तो म्हणाला. "इंग्रजीत स्किन म्हणतात. मी ती रंगवतोय."

माझा राग कुतूहलात विरघळला, हे कबूल केले पाहिजे. मी खुर्ची ओढून बसलो आणि तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवणारा मी त्या रात्री मुलाचा विद्यार्थी झालो.

संगणकावर विमान उडवण्याची ही कला तशी जुनी आहे. ब्रूस आर्टविक नावाच्या अमेरिकन अभियंत्याने अशी आज्ञावली प्रथम १९७९ मध्ये विक्रीस आणली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८२ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या नावाने तिची नवी आवृत्ती आली. तेव्हा विमान म्हणजे चार रेघा आणि जमीन म्हणजे हिरवा पट्टा एवढेच दिसे. पुढे ऑस्टिन मेयर या दुसऱ्या अमेरिकन अभियंत्याने 'एक्स-प्लेन' तयार केले. माझा मुलगा तेच वापरतो. या आज्ञावलीत पंखाच्या प्रत्येक भागावर हवेचा जोर किती पडतो याचे गणित क्षणाक्षणाला मांडले जाते. म्हणून जाणकार लोक याला खेळ म्हणत नाहीत, 'सिम्युलेटर' म्हणतात. जगभरचे हौशी लोक यासाठी विमानांच्या हुबेहूब प्रतिकृती बनवतात. त्यांतील काही जण प्रतिकृती बनवत नाहीत. तयार प्रतिकृतीला केवळ नवा रंग देतात. या रंगकामाला 'लिव्हरी' किंवा 'रिपेंट' असे म्हणतात. लिव्हरी हा शब्द मूळचा युरोपातल्या सरदार घराण्यांचा. आपले सेवक ओळखू यावेत म्हणून धनी त्यांना जो पोशाख देई, ती लिव्हरी. विमानालाही कंपनीचा पोशाख असतो तो याच अर्थाने.

हे काम कसे चालते, ते मला एका ओळखीच्या उपमेने समजले. आपल्याकडे लग्नाचा झगा शिवणारा शिंपी कापड सपाट मेजावर पसरतो आणि बाही, छाती, पाठ असे तुकडे बेततो. ते जोडले की शरीराचा गोल आकार उभा राहतो. संगणकातील विमानाचे नेमके उलट असते. तयार विमान उसवून त्याचे तुकडे एका चौकोनी पानावर सपाट पसरलेले असतात. एका पानावर धडाचा पुढचा अर्धा भाग, दुसऱ्यावर मागचा, तिसऱ्यावर पंख, कुठेतरी कोपऱ्यात इंजिनांची आवरणे. रंगवणारा सपाट पानावर रंगवतो आणि संगणक ते पान पुन्हा विमानाला गुंडाळतो. नाकाशी विमान निमुळते होते. तिथे पानावर सरळ ओढलेली रेघ प्रत्यक्षात वाकडी दिसते. म्हणून पानावर ती मुद्दाम वाकडी ओढावी लागते. दोन तुकडे जिथे मिळतात तिथे एका ठिपक्याचीही चूक झाली तरी पट्टा तुटलेला दिसतो. काही साध्या प्रतिकृतींत तर जागा वाचवण्यासाठी विमानाच्या दोन्ही बाजूंना एकच तुकडा वापरलेला असतो. तिथे एका बाजूचे नाव दुसऱ्या बाजूला आरशातल्यासारखे उलटे उमटते. असे विमान कितीही सुंदर असले तरी रंगवणाऱ्याच्या कामाचे नाही.

मुलाने हिशेब करून दाखवला. जम्बो विमान म्हणजे बोइंग ७४७. त्याच्या त्या काळच्या आवृत्तीची लांबी सुमारे सत्तर मीटर. पानाची रुंदी ४०९६ ठिपके. धड दोन पानांवर मांडले तर एका ठिपक्याच्या वाट्याला साडेआठ मिलिमीटर येतात, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी जागा. "याहून बारीक मला काही काढताच येत नाही," तो म्हणाला. मग त्याने थर दाखवले. सर्वांत खाली पांढरा रंग, त्यावर पट्टे, त्यावर अक्षरे, वर पत्र्याचे सांधे आणि रिव्हेटे, सर्वांत वर थोडासा मळ आणि धुराचे डाग. अगदी कोरे करकरीत विमान खोटे वाटते, असे त्याचे म्हणणे. चमक किती असावी याचे पान वेगळे आणि उंचवट्यांचे पान वेगळे. सगळी पाने मूळच्याच नावांनी एका फोल्डरात ठेवली की विमान नवा पोशाख घालून उभे राहते. एखादे पान राहून गेले तर संगणक तिथे मूळचा कोरा तुकडा लावतो, त्यामुळे चूक लपत नाही.

हे सारे तो कुणासाठी करत होता, ते त्याने त्या रात्री सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी तो वडिलांच्या खोलीत गेला आणि सहज विचारावे तसे विचारले, "आजोबा, ते खिडक्यांभोवतीचे झरोके तुम्ही कसे काढत होता?"

वडिलांचे वय आज सत्त्याऐंशी आहे. दृष्टी बरीच अधू झाली आहे. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, कडेकडेचे तेवढे दिसते. दिवसभर ते ओट्यावर बसून असतात आणि विचारले तेवढेच बोलतात. त्या दिवशी मात्र ते अर्धा तास बोलत होते.

एअर इंडियाचे पहिले जम्बो विमान १९७१ मध्ये मुंबईत आले, हे आमच्या पिढीतल्या अनेकांना आठवत असेल. आकाशातला राजवाडा अशी त्याची जाहिरात होती. प्रत्येक खिडकीभोवती राजवाड्याच्या झरोक्यासारखी लाल कमान रंगवलेली होती. विमानांना नावेही सम्राटांची: अशोक, शाहजहान, राजेंद्र चोल, विक्रमादित्य, कनिष्क. जगातल्या कोणत्याही विमानतळावर शंभर विमानांत ते ओळखू येई. १९८९ मध्ये हा पोशाख बदलण्याचा प्रयत्न झाला. लोकांना तो रुचला नाही, आणि झरोके परत आले.

वडील सांगत होते, "जुना रंग आधी औषध लावून काढायचा. मग धुवायचं, घासायचं, प्रायमर मारायचा, वर पांढरा. तो नीट वाळेपर्यंत पुढे जायचं नाही. घाई केली की चिकटपट्टीबरोबर खालचा रंग उचलून येतो. मग झरोक्याचा साचा लावायचा. कमानीचं टोक खिडकीच्या बरोबर मध्यावर आलं पाहिजे. एक टोक सरकलं की सगळी रांग दारू प्यायल्यासारखी दिसते."

मुलगा सारे लिहून घेत होता. एवढ्या मोठ्या विमानाच्या अंगावरचा रंगच अडीचशे किलोंच्या घरात जातो. एका बाजूला तो रंग फवारणारे हात आणि दुसऱ्या बाजूला कशाचेच वजन नसलेला रंग ठिपक्याठिपक्याने भरणारे हात. तरी दोघांची भाषा एकच होती: थर, साचा, कड, सांधा. मी मधे बसून ऐकत होतो आणि या दोघांच्यामध्ये मीच तेवढा अडाणी आहे असे मला वाटत होते.

मग मुलाने विचारले, "आजोबा, मी पहिलंच विमान घेतलंय. व्हीटी-ईबीडी. सम्राट अशोक. त्याच्यावर तुम्ही काम केलं होतं ना?"

वडील गप्प झाले. थोड्या वेळाने त्यांनी काठी चाचपली. "ते नको," एवढेच म्हणाले आणि उठून आत गेले.

मुलाला काही उमगले नाही. मला उमगले, कारण त्या वेळी मी दहा वर्षांचा होतो. १ जानेवारी १९७८ च्या रात्री 'सम्राट अशोक' सांताक्रूझहून दुबईला निघाले आणि दोन मिनिटांच्या आतच वांद्र्यापलीकडच्या समुद्रात कोसळले. प्रवासी आणि कर्मचारी मिळून २१३ माणसे होती. एकही वाचले नाही. विमान डावीकडे कलले आहे की सरळ आहे, हे दाखवणारे वैमानिकासमोरचे उपकरण बिघडले होते. बाहेर काळोखा समुद्र होता आणि खरे क्षितिज दिसत नव्हते. नाताळचे तारे अजून घराघरांवर लटकत होते आणि त्यांच्या खाली माणसे हलक्या आवाजात बोलत होती, हे मला आठवते. त्या यादीत आमच्या नात्यागोत्यातले कुणी नव्हते. तरी वडील दोन दिवस जेवले नाहीत.

अपघाताशी रंगाऱ्याचा काय संबंध? काहीच नाही, हे त्यांनाही कळत होते. परंतु त्या वर्षी 'सम्राट अशोक'च्या उजव्या बाजूचे मागचे काही झरोके खराब झाले होते, ते वडिलांनी आपल्या हाताने नवे केले होते. पुढे कित्येक महिने दुसऱ्या विमानावर साचा लावताना त्यांचा हात थांबत असे. हे त्यांनी आईला सांगितले होते. आम्हांला ते आईच्या पश्चात कळले.

मी मुलाला हे सांगितले. तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मी शाहजहान करतो. फक्त अक्षरं आणि नाव बदलायचं. बाकी सगळं तेच आहे."

खरेच, बाकी सारे तेच असते. कातडी बदलली तरी विमान पूर्वीसारखेच उडते. संगणकाच्या गणितात रंगाला स्थान नाही. शिवाय वैमानिकाच्या जागेवर बसणाऱ्याला स्वतःच्या विमानाचा रंग दिसतच नाही. तो पाहायचा तर बाहेर येऊन पाहावे लागते. एवढे कष्ट घेऊन रंगवलेले हे रूप उडवणाऱ्यासाठी नसतेच. ते पाहणाऱ्यासाठी असते. मग नाव बदलल्याने काय बिघडले? मी असा विचार केला आणि विषय संपला असे मानले.

चार दिवसांनी, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर, वडिलांनी मुलाला हाक मारली. "ते विमान रंगवलंस का?"

"नाही, आजोबा. दुसरं करतोय."

"तेच कर," वडील म्हणाले. "दुसरी विमानं म्हातारी होऊन गेली. त्यांना जे आयुष्य मिळायचं ते मिळालं. त्याचं मात्र कुणी नावही घेत नाही. घेतलंच तर पडलं म्हणून घेतात. मी त्याला सात वर्षं पाहिलंय. ते सुंदर होतं." मग थोडे थांबून, "पण एक कबूल कर. ते पाडायचं नाही. आणि रात्रीचं दुबईला न्यायचं नाही."

नंतर मला कळले की अपघात पुन्हा घडवून पाहणारे हौशी लोकही या छंदात असतात. काही जण अभ्यास म्हणून ते करतात, काही नुसती गंमत म्हणून. मुलाने आजोबांचा हात हातात घेऊन कबूल केले.

त्यानंतर आमच्या घरात रंगाचा प्रश्न उभा राहिला. नेमका लाल कोणता? जुनी छायाचित्रे वीस होती आणि लाल रंगही वीस होते. कुठे विटकरी, कुठे नारिंगी, कुठे गुलाबीकडे झुकलेला. कागद पिवळा पडतो, फिल्म विटते, छापखान्याची शाई निराळीच. कोणत्या छायाचित्रावर विश्वास ठेवायचा? तेव्हा वडीलच म्हणाले, "माळ्यावरची पेटी काढा."

मुलाने पेटी ओट्यावर आणली. सकाळच्या सावलीत झाकण उघडले, लाल रंगाशेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवला आणि दोघांचे एकत्र छायाचित्र घेतले. कागद पांढराशुभ्र दिसेपर्यंत चित्राची छटा सुधारायची. मग शेजारचा लालही खरा होतो, असे त्याचे शास्त्र. संगणकात प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांत मांडतात. ते तीन आकडे त्याने वहीत टिपले. पुढे त्याने त्या रंगाची उजळी थोडी उतरवली, कारण सिम्युलेटरमध्ये सूर्य वेगळा असतो आणि तो विमानावर आपले ऊन टाकतोच. वडील ऐकत होते. म्हणाले, "बरोबर आहे. हँगरमधला लाल आणि उन्हातला लाल कधीच एक नसतो."

माझ्याही वाट्याला थोडे काम आले. विमानावर एका बाजूला कंपनीचे नाव इंग्रजीत आणि दुसऱ्या बाजूला देवनागरीत असे. मुलाच्या जुन्या आज्ञावलीत देवनागरी टंकले की 'डि'ची वेलांटी 'ड'च्या आधी उभी राहण्याऐवजी मागे जाऊन उभी राही. मराठीच्या शिक्षकाला हे कसे सहन व्हावे! अखेर आम्ही जुन्या छायाचित्रावरून एकेक अक्षर हाताने गिरवले. हाताने घडवलेल्या अक्षराला जे बाक असतात ते संगणकाच्या तयार अक्षरांना नसतात, हे मला तेव्हा प्रथमच जाणवले. शिरोरेखा सरळ आहे की नाही यावरून बापलेकांत वादही झाला. तो मी जिंकलो.

काम संपायला चार महिने लागले. हौशी मंडळी असे काम एकमेकांना विनामूल्य देतात आणि सोबत माहितीचे एक पान जोडतात. मुलाने त्या पानावर मूळ प्रतिकृती बनवणाऱ्याचे आभार मानले. खाली मराठीत आणि इंग्रजीत लिहिले की हे विमान १ जानेवारी १९७८ रोजी २१३ माणसांसह समुद्रात नष्ट झाले आणि वापरणाऱ्याने त्याचा मान राखावा. कुणी तो राखील, कुणी राखणार नाही. पण विनंती तरी तिथे आहे.

एका रविवारी दुपारी आम्ही वडिलांना संगणकासमोर बसवले. मुलाने विमान मुंबईच्या धावपट्टीवर, भर उन्हात उभे केले आणि बाहेरून चहूबाजूंनी दाखवले. वडिलांनी मान तिरपी केली, कारण त्यांना कडेनेच दिसते. "लाल दिसतोय," ते म्हणाले. "झरोके नीट दिसत नाहीत, पण रांग सरळ आहे. मागचे, उजव्या बाजूचे, ते काढलेत ना?"

"काढलेत, आजोबा. सगळे."

मग विमान पश्चिमेकडे धावले आणि उचलले गेले. खाली जुहूचा किनारा मागे पडला, समुद्र आला. खोलीत कुणी बोलत नव्हते. माझ्या पत्नीने स्वयंपाकघरातून येऊन दारातच पदर सावरला आणि तिथेच उभी राहिली. दुपारच्या उन्हात क्षितिज स्वच्छ दिसत होते. मुलाने समुद्रावरून एक मोठे वळण घेतले, पूर्वेकडून पुन्हा शहरावर आला आणि 'सम्राट अशोक' सांताक्रूझच्या धावपट्टीवर उतरवले. चाके टेकताना जरासा धक्का बसला.

"उतरलं?" वडिलांनी विचारले.

"उतरलं."

त्यांनी कपाळावर, छातीवर हात नेऊन खूण केली. मग पुष्कळ वेळ हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले.

एअर इंडियाची जम्बो विमाने आता राहिलेली नाहीत. विकलेल्या विमानांपैकी एकाने एप्रिल २०२४ मध्ये मुंबईचा कायमचा निरोप घेतला. कंपनीने २०२३ मध्ये नवा पोशाख जाहीर केला आणि त्यात झरोक्याचा आकार नव्या रूपात ठेवला, हे मी वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी विचारले, "रंग लालच आहे ना?" मी म्हणालो, लाल आहे, सोनेरीही आहे. त्यांचे समाधान झालेले दिसले नाही.

पेटी पुन्हा माळ्यावर गेली आहे. झाकण घट्ट लावून ठेवायचे, ऊन लागू द्यायचे नाही, असे मुलाने सर्वांना बजावले आहे. मीही आता त्याला रात्री फारसे रागावत नाही. मात्र दिवा किती वाजता मालवला जातो, यावर माझे लक्ष असते.